हाताने केलेल्या बोन्साय कुंडीला भोकं किती, केवढी आणि नेमकी कुठे?

सड्यावरचा (देवगड)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरामागच्या सड्यावर जांभ्याच्या भेगेत एक करवंद होतं. खोड मनगटाएवढं, उंची जेमतेम गुडघ्याला लागेल इतकी. चिऱ्याची खाण सरकत सरकत तिथवर आली, तेव्हा ते आता वाचत नाही हे दिसत होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मिरगाच्या पावसात हलक्या हाताने उकरून घरी आणलं. मोठ्या कुंडीत छान लागलं, पालवी आली. मग त्याच्यासाठी मी स्वतः कुंडी केली. ३० सेंमी लांब, २० रुंद, आत ५ सेंमी खोल. मातीची पोळी लाटून तळ केला, भिंती जोडल्या, खाली चार पाय लावले. आमच्या कुंभारकाकांनी त्यांच्या भट्टीत भाजून दिली. तळाला दोन भोकं, दोन टोकांना, प्रत्येकी १० मिमीचं.

यंदा मे महिन्यात झाड त्यात बसवलं. जुलै संपता संपता पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून शेणखताचं पाणी घातलं. ऑगस्टमध्ये राहवेना, उपसून बघितलं. दोन्ही टोकांची मुळं पांढरी, तजेलदार होती. मधली काळी पडली होती, चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून हातात येत होती, वास आंबूस. झाड गेलं. कातळावर कितीतरी पावसाळे काढलेलं झाड माझ्या कुंडीत तीन महिने जगलं नाही, हे मनातून जात नाही.

याच मापाच्या अजून दोन कुंड्या भाजून तयार आहेत आणि दिवाळीनंतर नव्या करायच्या आहेत. भोकं किती आणि केवढी ठेवावीत? फार मोठी केली तर तळ कमजोर होतो का? आणि भाजलेल्या कुंडीला आता भोक पाडता येईल का?

मातीकाम (सावंतवाडी)

दादा, करवंदाचं वाचून फार वाईट वाटलं. पण उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. टोकांची मुळं चांगली आणि मधली कुजलेली, म्हणजे भोकं होती तिथलं पाणी गेलं आणि मधे साचून राहिलं.

आधी एक काम करा. त्या कुंड्यांपैकी एक रिकामी कुंडी टेबलावर ठेवा. टेबल पाणसळीने सरळ आहे ना ते बघा. भोकांवर बोटं धरून कुंडीत तांब्याभर पाणी ओता, मग बोटं काढा. निथळून झालं की तळाशी जे उरेल ते सिरिंजने ओढून मोजा आणि इथे सांगा.

तोवर माझा अंदाज सांगते. पोळी ओली असताना पाय लावले आणि कुंडी पायांवर उभी करून सुकवली की पायांच्या मधला तळ स्वतःच्या वजनाने खाली बसतो. डोळ्यांना दिसत नाही, दोन-तीन मिलीमीटरचाच फरक असतो, पण तळाला पोट पडतं. भोकं टोकांना, म्हणजे उंचावर. माझ्या पहिल्या सात-आठ कुंड्या अशाच झाल्या होत्या, आणि मी प्रत्येक वेळी भोकंच वाढवत बसले होते.

आता मी काय करते ते सांगते. कुंडीला पोट थोडंफार पडणारच, म्हणून ते मुद्दामच पाडते आणि मोठं भोक त्या पोटात ठेवते. लाटलेली पोळी फळीवर घेतली की मधोमध ओल्या कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत कडेकडून मधे उतार देते, दोन-तीन मिलीमीटरचा. याने माती दाबलीही जाते, सुकताना तळ फाटत नाही. तुमच्या मापाच्या कुंडीला तीन भोकं पुरतात: एक मधे, दोन बाजूंना, भाजल्यावर २० मिमी भरतील अशी. भिंतीपासून आणि एकमेकांपासून दोन बोटं तरी अंतर हवं. तिन्हींचं मिळून क्षेत्रफळ साडेनऊ चौरस सेंमीच्या आसपास, आणि तळ ६०० चौरस सेंमीचा. तळ कमजोर होत नाही. चौकोनी भोकं मात्र पाडू नका, कोपऱ्यातून चीर सुरू होते.

२० मिमीच का, हेही सांगते. ३० बाय २० च्या कुंडीवर दिवसात १०० मिमी पाऊस पडला तर ६ लिटर पाणी पडतं, आणि कुंडीत माती मावते ३ लिटर. आपल्याकडे असे दिवस नवलाचे नाहीत. तरी ६ लिटर पाणी दिवसभरात तुमच्या १० मिमीच्या भोकातूनही आरामात जाईल. मोठं भोक लागतं ते बुजू नये म्हणून. जांभ्याची धूळ, मुळं, शेवाळ, गांडुळांची विष्ठा हे सगळं मिळून लहान भोक जुलैतच बंद करतं.

कापायची वेळ महत्त्वाची. माती बोटाने दाबली तर ठसा उमटेल, पण उचलली तर वाकणार नाही, इतकी सुकलेली हवी. जास्त ओलीत भोक लंबगोल होतं, जास्त सुकीत कडेला केसासारखी चीर जाते आणि ती भट्टीत उघडते. मी स्टीलच्या पातळ पाइपचा तुकडा कानसून धारदार केलाय. तो आतून बाहेर दाबायचा, कधीही खालून वर नाही. खालून दाबलं तर आत भोकाभोवती मातीची वरंबी उठते. तेवढ्या वरंबीनेसुद्धा पाणी अडतं. कापल्यावर ओलं बोट आतल्या कडेवरून तीन-चार वेळा गोल फिरवा, कड बशीसारखी उतरती होते. बोट फिरवताना कुठे अडलं तर तिथेच पाणी अडणार आहे असं समजा.

माती आटते हे धरून कापा. आपल्याच मातीची एक पट्टी करा, त्यावर १० सेंमीची रेघ ओढा, सुकवून भाजा, पुन्हा मोजा. ९ सेंमी भरली तर २० मिमीच्या भोकासाठी २२ चा पाइप लागेल. तारेची भोकं विसरू नका. पावसाळी वाऱ्यात उथळ कुंडीतलं झाड बांधल्याशिवाय टिकत नाही. मी छत्रीच्या काडीने पाडते, मोठ्या भोकांच्या दोन्ही अंगांना एकेक.

आणि कुंडी पायांवर सुकवू नका. भिंती उभ्या राहण्याइतक्या घट्ट झाल्या की पालथी घाला.

ठिकरी (रत्नागिरी)

ताईंनी तळाचं सगळं सांगितलंय. मी मातीबद्दल बोलतो, कारण भोकं कितीही नीट असली तरी बारीक मातीत तळाशी पाण्याचा एक थर अडकूनच राहतो. तो थर किती जाड असेल हे मातीच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणून खोल कुंडीत जी माती चालते तीच ५ सेंमीच्या कुंडीत निम्म्याहून जास्त चिंब राहू शकते.

घरात करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. म्हणून सलग पाऊस लागला की मी प्रत्येक कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सरकवतो. एक बाजू तीन-चार बोटं वर. निथळलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं.

तळाला खडीचा थर घातल्याने निचरा वाढतो हे आपल्याकडे सगळेच सांगतात. उथळ कुंडीत त्याने उलट होतं, पाण्याचा थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना जागा कमी उरते. सगळी माती एकसारख्या भरड कणांची ठेवा. मी जांभ्याची ठिकरी आणि विटेचा चुरा ३ ते ५ मिमीचा चाळून घेतो, धूळ धुऊन टाकतो, त्यात थोडा कोळसा आणि मूठभर जुनं शेणखत. भोकावर डासांची जाळी नको, ती आठवड्यात बुजते. २-३ मिमीची प्लास्टिकची जाळी तारेने बसवा.

जपानी पद्धतीची माहिती वाचून कुणी म्हणेल की साधी लाल मातीची कुंडी बोन्सायला चालत नाही. तिथे हिवाळ्यात भिंतीत मुरलेलं पाणी गोठतं आणि कुंडी तडकते, म्हणून तोकोनामेसारख्या गावात घट्ट भाजलेल्या कुंड्या करतात. देवगडला पाणी गोठत नाही. तुमच्या कुंभारकाकांची भाजणी पुरेशी आहे.

नांद्रुक (मालवण)

भोकां कितीय मोठी केलंस तरी कुंडी जमनीर टेकवन ठेवलंस तर उपेग नाय. माझ्या नांद्रुकाची मुळां भोकातसून खाली मातयेत गेली, दोन म्हयन्यात भोक गच्च. आता फळयेर ठेवतंय. म्हयन्यातसून एकदा उचलून खालसून बघ.

सड्यावरचा (देवगड)

ताई, मोजलं. १२० मिली उरलं, म्हणजे आमच्याकडच्या चहाच्या कपाहून जास्त. दुसऱ्या कुंडीत ९५. भिंतीवर पट्टी आडवी ठेवून खाली काडी सोडली, मधला तळ टोकांपेक्षा पुरा ४ मिमी खोल आहे. तीन महिने करवंदाची मुळं यात उभी होती, आणि मी वरून शेणखताचं पाणी घालत होतो.

आता या दोन कुंड्यांना मधे भोक पाडायचं तर कसं?

मातीकाम (सावंतवाडी)

जमेल. कुंडी आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवा. मग परातीत ओली वाळू भरून तिच्यात कुंडी बसवा, तळाला सगळीकडून आधार मिळाला पाहिजे. ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नाहीतर पहिल्याच झटक्याला तुकडे होतील. टाइल-काचेचं पातं घ्या, आधी ४ मिमीचं, मग वाढवत जा. आतून बाहेर. भोकात पाणी राहू द्या, म्हणजे धूळ उडत नाही. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका, रुमाल नव्हे, चांगला मास्क लावा. शेवटचे दोन-तीन मिलीमीटर अजिबात जोर न लावता, कारण खालची कड तिथेच फुटते. १६ मिमीपर्यंत गेलं तरी पुष्कळ झालं. आतली कड पॉलिश पेपरने उतरती करा.

सड्यावरचा (देवगड)

आज दुपारी दोन्ही कुंड्यांना पाडली. पहिलीच्या खालच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला, आतून साफ आहे. दुसरी अगदी नीट झाली. पुन्हा तांब्याभर पाणी ओतून मोजलं: एकीत १५ मिली, दुसरीत १०.

दुसरीत आमच्या विहिरीच्या कठड्यावर उगवलेलं वडाचं रोप बसवतोय, मागच्या महिन्यात कठडा दुरुस्त करताना काढलेलं. पहिली रिकामी ठेवली आहे. त्याच सड्यावर खाणीच्या पलीकडे अजून करवंदाची जाळी आहे. येत्या मे महिन्यात तिथली पिकलेली फळं आणून बी रुजवणार आहे. नव्या कुंड्यांसाठी मातीच्या पट्टीवर रेघ ओढून ती पडवीत सुकत ठेवली आहे.