मदत हवी आहे: हाय फ्लोवर फ्लो वाढवला की एफआयओटू (पेशंटला मिळणाऱ्या हवेतली ऑक्सिजनची टक्केवारी) का घसरतो? ऑक्सिजन नेमका किती उघडायचा?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स, वॉर्डातून अलीकडेच मेडिकल आयसीयूत आले आहे. साध्या नेझल कॅन्युलाचा हिशोब डोक्यात पक्का बसलाय: १ ते ६ लिटर, दर लिटरमागे साधारण ४ टक्के, म्हणजे २ लिटरला २८ च्या आसपास. हाय फ्लोवर (गरम, दमट हवा-ऑक्सिजन जोराने नाकातून देणारं मशीन) मात्र हा हिशोब काही लागू पडत नाही.

आमचं मशीन टर्बाइनचं आहे. हवा ते स्वतः खेचतं आणि ऑक्सिजन भिंतीवरच्या फ्लोमीटरपासून नळीने त्याला जोडायचा. स्क्रीनवर फ्लो, तापमान आणि एफआयओटू दिसतं. ऑर्डर असते "फ्लो ४०, एफआयओटू ४०". मी फ्लो ४० ला लावते, फ्लोमीटर हळूहळू उघडत १० च्या जरा खाली आणते, स्क्रीनवर ४० दिसतं. मग पेशंटचा दम वाढतो, डॉक्टर म्हणतात फ्लो ६० करा. मी करते आणि एफआयओटू येतं ३३-३४ वर! पाठोपाठ रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशनही उतरतं. आधार वाढवला आणि ऑक्सिजन कमी झाला, हे कसं?

दुसरं म्हणजे ६० च्या फ्लोवर फ्लोमीटर पूर्ण १५ पर्यंत उघडला तरी स्क्रीन ४१ च्या वर जात नाही. मशीन बिघडलंय का? आणि आधी काय वाढवायचं, फ्लो की ऑक्सिजन? पेशंट सगळे प्रौढ, बहुतेक न्यूमोनियाचे. कुणीतरी नीट समजावून सांगा, राउंडला विचारलं की "स्क्रीन बघून अ‍ॅडजस्ट करा" एवढंच ऐकायला मिळतं.

श्वसनटेक
ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमचे आकडे अगदी बरोबर येताहेत.

टर्बाइन मशीनवर तुम्ही लावता तो फ्लो एकूण असतो, हवा अधिक ऑक्सिजन. फ्लोमीटरवरचा आकडा हा त्यातला फक्त ऑक्सिजनचा वाटा. ४० लिटरमध्ये ९.६ लिटर ऑक्सिजन असताना एफआयओटू ४०. आता एकूण ६० केलं पण ऑक्सिजन ९.६ च राहिला, तर वरचे २० लिटर आले कुठून? खोलीतल्या हवेतून. पाणी घातल्यावर सरबत पातळ होतं, तसंच.

हिशोब असा:
ऑक्सिजन = एकूण फ्लो × (हवं असलेलं एफआयओटू − २१) ÷ ७९

४० फ्लो, ४० टक्के: ४० × १९ ÷ ७९ = ९.६ लिटर
६० फ्लो, ४० टक्के: १४.४ लिटर
६० फ्लो, ६० टक्के: २९.६ लिटर

शेवटची ओळ पाहा. १५ च्या फ्लोमीटरवर ते होणारच नाही. ६० च्या फ्लोवर १५ लिटर म्हणजे जेमतेम ४१, तुम्हाला दिसतं तेच. तोच १५ लिटर ५० च्या फ्लोवर ४५ देईल, ४० वर ५१, ३० वर ६०. एफआयओटू जास्त हवं असेल तर जास्त रेंजचा फ्लोमीटर मागवा. काही जण नॉब १५ च्या पुढे फिरवून "फ्लश"वर ठेवतात. त्यात किती ऑक्सिजन जातोय ते कळत नाही, शेजारच्या आउटलेटचं प्रेशरही पडू शकतं. मला ती सवय पसंत नाही.

आणि डॉक्टरांना दोष देऊ नका. बरेच जण ब्लेंडरवर शिकलेले असतात. ब्लेंडरच्या मशीनला हवा आणि ऑक्सिजन दोन्ही दाबाने येतात, एफआयओटूचा नॉब वेगळा असतो. तिथे फ्लो ३० चा ६० केला तरी टक्केवारी जागची हलत नाही. "फ्लो वाढवा" म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर ते मशीन असतं.

रात्रपाळी
आता डोक्यात प्रकाश पडला! म्हणजे उलटंही होत असणार. ६० चा फ्लो ३० वर आणला आणि फ्लोमीटर तसाच राहिला तर?

श्वसनटेक
बरोबर पकडलंत. १४.४ लिटर तसाच ठेवून फ्लो ३० केला की एफआयओटू ४० वरून थेट ५९. सॅच्युरेशन छान दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझा नियम: फ्लो वाढवायचा असेल तर ऑक्सिजन आधी थोडा चढवायचा, फ्लो कमी करायचा असेल तर ऑक्सिजन सोबतच उतरवायचा, आणि दोन्ही वेळा स्क्रीनवरचा आकडा स्थिर होईपर्यंत पेशंटजवळून हलायचं नाही. आणखी एक, मशीन सुरू झाल्यावरच ऑक्सिजन उघडायचा आणि बंद करताना ऑक्सिजन आधी बंद करायचा. बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साचला तर आगीचा धोका.

आयसीयू_रजिस्ट्रार
आधी काय वाढवायचं यावर माझं मत. फ्लो आणि एफआयओटू दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. पेशंट धापा टाकतोय, मानेचे स्नायू ओढले जाताहेत, श्वासाचा रेट मिनिटाला ३० च्या वर आहे, तर फ्लो. सॅच्युरेशन कमी आहे पण श्वास आरामात चाललाय, तर एफआयओटू.

कारण असं की शांत बसलेला प्रौढ माणूस श्वास आत घेतो तेव्हा त्याचा जोर मिनिटाला ३० लिटरच्या आसपास जातो. दम लागलेल्याचा ६० च्या पुढे सहज. मशीन त्याहून कमी देत असेल तर उरलेली हवा तो खोलीतून ओढतो, आणि स्क्रीनवर ६० टक्के दिसलं तरी घशात तेवढं पोचत नाही. शिवाय जास्त फ्लोने नाका-घशात साचलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि तोंड मिटलेलं असेल तर थोडा पीपदेखील (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकणारा दाब) मिळतो. तो फार नसतो, दर १० लिटरमागे एक सेंटिमीटर पाण्याइतका किंवा त्याहून कमी, आणि तोंड उघडलं की आणखी घटतो.

प्रौढ न्यूमोनियात मी बहुधा ४० वर सुरुवात करून सोसेल तसं काही मिनिटांत ५०-६० वर नेतो, मग एफआयओटू सॅच्युरेशन ९२ ते ९६ च्या मध्ये राहील इतकं. ९९-१०० च्या मागे लागत नाही. अर्थात तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तर तोच पाळा.

जुनीसिस्टर
पेशंटला विचारा हो कुणीतरी! एकदम ६० चा झोत नाकात गेला की निम्मे जण कॅन्युला ओढून काढतात. ३७ डिग्री गरम वाटतं म्हणाले तर ३४ करून बघा. प्राँग (कॅन्युलाचं नाकात जाणारं टोक) नाकपुडीत गच्च बसता कामा नये, साधारण निम्मी जागा मोकळी हवी. नळीत पाणी साचलं तर ते पेशंटकडे नाही, मशीनच्या पाण्याच्या चेंबरकडे उतरवायचं. आणि चेंबरमधलं पाणी संपलंय का हे आधी बघा, नंतर बाकीची गणितं.

रात्रपाळी
😄 नोंद केली. रजिस्ट्रार सर, रॉक्स इंडेक्स (हाय फ्लो पुरेल की नाही याचा अंदाज देणारा आकडा) चार्टवर लिहायला सांगतात. तो कसा वाचायचा? आणि सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला हेच आकडे चालतात का?

आयसीयू_रजिस्ट्रार
रॉक्स म्हणजे सॅच्युरेशनला एफआयओटूने भागायचं (६० टक्के असेल तर ०.६ लिहायचं), येईल त्याला रेस्पिरेटरी रेटने भागायचं. सॅच्युरेशन ९४, एफआयओटू ०.६, रेट २८: साधारण ५.६. सुरू केल्यापासून २, ६ आणि १२ तासांनी ४.८८ किंवा वर असेल तर इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालण्याची) शक्यता कमी. २ तासांनी २.८५ च्या खाली, ६ तासांनी ३.४७ च्या खाली, १२ तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर हाय फ्लो पुरणार नाही असं धरून तयारी ठेवायची. हे आकडे न्यूमोनियाच्या पेशंटवरून आलेत, सरसकट सगळ्यांना लावू नका.

इथेच तुमचा मूळ प्रश्न परत येतो. फ्लो बदलल्यावर एफआयओटू ३४ झालंय आणि चार्टवर जुनं ४० लिहिलं तर रॉक्स चुकीचा येतो. ९२ ला ०.४० ने भागून ३० ने भागलं तर ७.७, ०.३४ ने भागलं तर ९. त्याच पेशंटचे दोन वेगळे आकडे. रेट पूर्ण मिनिटभर मोजा, मॉनिटरवरचा घेऊ नका. आणि पेशंट थकतोय, गुंगीत जातोय, घाम फुटलाय, तर इंडेक्स कितीही चांगला असो, मला हाक मारा. हाय फ्लोवर पेशंटला ताटकळत ठेवून उशिरा इंट्युबेट केलं तर निकाल वाईट लागतात, हे २०१५ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं.

सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असेल तर लक्ष्य ८८ ते ९२. एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर सहसा आधी एनआयव्हीचा (मास्कमधून मशीनने श्वासाला आधार देण्याचा) विचार होतो. फ्लो उतरवताना एफआयओटू नकळत वर जाण्याचा जो प्रकार वर सांगितलाय, तो सर्वांत महागात पडतो तो याच पेशंटला.

श्वसनटेक
वीनिंगबद्दल (आधार हळूहळू काढण्याबद्दल) कुणी विचारलं नाही, पण सांगतो. आमच्याकडे आधी एफआयओटू ४० किंवा खाली आणतात, मग फ्लो ५-१० ने उतरवतात. २० च्या आसपास आरामात असेल तर साधा कॅन्युला.

रात्रपाळी
शेवटचा प्रश्न. सीटीला न्यायचं असेल तर सिलिंडरवर हाय फ्लो किती वेळ चालेल? परवा यावरून बरीच वादावादी झाली.

श्वसनटेक
वरच्या सूत्रातून लिटर काढा आणि सिलिंडरला त्याने भागा. ६० फ्लो, ६० टक्के म्हणजे मिनिटाला ३० लिटर. ७ घनमीटरचा भरलेला मोठा सिलिंडर ७००० लिटरचा, म्हणजे ४ तासांनाही कमी. दीड घनमीटरचा छोटा ५० मिनिटांत संपेल. प्रेशर निम्मं दाखवत असेल तर वेळही निम्मा. लिफ्टची वाट, टेबलवर घेणं, परत येणं, सगळं धरून लागेल त्याच्या दुप्पट घेऊन निघा. काही टर्बाइन मशीनना बॅटरीच नसते, प्लग काढला की बंद. तुमच्या मशीनच्या मागे बघा आणि बॅटरी नसेल तर नेताना काय लावायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.