अनुभव धागा: स्थानकाचं नाव ठरवणं आणि ते सुरू करणं

गोव्यात मेट्रो नाही, पण मुंबई-पुण्याच्या मेट्रोवर काम केलेले आपल्यात आहेत, रेल्वेतले तर आहेतच. नाव ठरल्यापासून दारं उघडेपर्यंत काय लागतं ते आपापल्या गावाच्या नावानं लिहा. किस्से नकोत, कामाचं सांगा.

मडगाव: रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला राज्य शासनाचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. टपाल खातं, भारतीय सर्वेक्षण विभाग वगैरेंचं मत घेऊन ना-हरकत मिळते. मेट्रोत ते तुलनेनं सुटसुटीत. पुण्यात बुधवार पेठचं कसबा पेठ झालं. नाव सुचवण्याआधी मार्गावरची जुनी नावं पाहा. सावर्डे चिपळूणकडे आहे, कुडचड्यालाही आहे. रोमन स्पेलिंगही तेव्हाच पक्कं करा. शहर रोमनमध्ये 'मार्गाव' आणि स्थानक 'मडगाव', त्यात पाहुणे गोंधळतात. पणजीला तर स्थानकच नाही, करमळी शोधावं लागतं.

पर्वरी: नाव फक्त पाटीवर नसतं. भाड्याचा तक्ता, क्यूआर तिकीट, डब्यातली उद्घोषणा, दारावरचा नकाशा, आपत्कालीन आराखडा, सगळीकडे जातं. उशिरा बदललं की एक जागा हमखास सुटते, बहुधा उद्घोषणा, कारण ती पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागते. एलईडी पट्टीवर देवनागरीची खरी परीक्षा 'ऱ्या' आणि रफारात. जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षर तुटतं, वरची मात्रा छाटली जाते. पुरवठादाराच्या फोटोवर विसंबू नका, सगळी नावं त्याच पट्टीवर चालवून बघा.

वास्को: पाटीच्या बोल्टला ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील नको, ३१६ प्रतीचं घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वर तांबूस ठिपके येतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचा बोल्ट थेट लागला की पत्रा गंजतो; मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. दहा रुपयांची वस्तू, पण ठेकेदार नेमकी तीच गाळतो.

फोंडा: मेट्रो रेल्वे (चालन व देखभाल) कायदा, २००२ प्रमाणे मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय प्रवासी घेता येत नाहीत. लिफ्टचा परवाना आणि अग्निशमनाची ना-हरकत हाताशी ठेवा. खरी गंमत आगीच्या चाचणीत. गजर वाजला की तिकिटाची सगळी फाटकं आपोआप उघडली पाहिजेत, लिफ्ट ठरलेल्या मजल्यावर थांबून दार उघडं राहिलं पाहिजे. एखादं फाटक बंदच राहतं, कारण गजराची तार त्याच्या नियंत्रकापर्यंत ओढलेलीच नसते. एकेक फाटक वेगळं तपासा. एकत्र चाचणीत ते नजरेतून सुटतं. वीज तोडून आणीबाणीचे दिवेही बघा.

म्हापसा: दृष्टिहीनांना पायाखाली कळणाऱ्या पिवळ्या फरशा. रेघांची फरशी वाट दाखवते, ठिपक्यांची थांबा म्हणते. मिस्त्री दोन्ही उलटसुलट बसवतात. जिन्याच्या तोंडाशी ठिपकेच हवेत.

फोंडा: बरं आठवलं. उद्घाटनाची कमान आणि खुर्च्या नेमक्या त्याच पिवळ्या फरशांवर मांडतात, अग्निशमनाच्या नळावर पडदा लावतात. मंडपवाल्याला आदल्या दिवशी नकाशा द्या. आणि जूनमध्ये समारंभ ठेवणार असाल तर छपराचं पाणी कुठे पडतं ते आधी पाहा!