‘ऱ्हेटरिक’ला मराठीत काय म्हणावं? बायकांच्या लेखनाबद्दल बोलताना तो शब्द पुरतो का?

प्रश्न

पुण्यात मराठी घेऊन एम.ए. करते आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या स्त्रियांनी लोकांचं मन वळवण्यासाठी जे लिहिलं, त्यावर लघुप्रबंध लिहायचा आहे. इंग्रजी अभ्यासक याला ‘फेमिनिस्ट ऱ्हेटरिक’ म्हणतात. सरांनी ‘वक्तृत्वशास्त्र’ सुचवलं, मैत्रीण म्हणते ‘अलंकारशास्त्र’. शीर्षकात दोन्ही शब्द घालून पाहिले, एकही बसत नाही. कोणता वापरू?

प्रतिसाद

अलंकारशास्त्र नको. ते काव्याचं शास्त्र आहे. उक्तीचं सौंदर्य कुठून येतं हा त्याचा प्रश्न. ऐकणाऱ्याने उठून काही करावं, मत बदलावं, हा त्याचा मुख्य विषय नाही. ‘ऱ्हेटरिक’ ही ग्रीकांची विद्या न्यायसभेत आणि नगरसभेत वाढली. ॲरिस्टॉटलने तिची व्याख्याच अशी केली की, दिलेल्या प्रसंगी मन वळवण्याची कोणकोणती साधनं हाताशी आहेत हे ओळखण्याची शक्ती. त्यामुळे तुमच्या सरांचा शब्द जवळचा. वर्तमानपत्रात ‘हे नुसतं ऱ्हेटरिक आहे’ असं लिहितात तिथे मात्र ‘शब्दावडंबर’ म्हणावं. तो अर्थ वेगळा.

प्रतिसाद

अलंकारशास्त्राबद्दल वर लिहिलंय ते पटलं. पण ‘वक्तृत्वशास्त्र’ घेतलंत तर प्रबंधाचं दार पहिल्याच पानावर अर्धं बंद होईल. वक्तृत्व म्हटलं की डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं, उभा राहिलेला माणूस येतो, समोर सभा येते. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा या शहरातल्या किती बायकांना सभेत नुसतं जाऊन बसता येत होतं? त्यांनी मन वळवलं ते निबंधातून, पत्रातून, शाळेतल्या लेखनातून, आयोगापुढच्या साक्षीतून. स्त्रीवादी अभ्यासाची सुरुवात इथेच होते: मन वळवणं कुठे कुठे चालतं, याचा नकाशाच आधी मोठा करायचा.

आपली रोजची भाषाही ऐका. पुरुष परखड असतो, बाई फटकळ असते. तो मुद्दा लावून धरतो, ती हट्टाला पेटते. त्याने सुनावलं तर कानउघाडणी, तिने सुनावलं तर तोंडाळपणा. निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रमुख वक्त्या’ आता सर्रास छापतात आणि ते चांगलंच आहे, पण बाईच्या बोलण्याला लावायची ही विशेषणं अजून तीच आहेत. एखादीचं लेखन ‘भावनेच्या भरात लिहिलेलं’ म्हणून बाजूला सारलं जातं तेव्हा तिचा युक्तिवाद कोणी तपासलेलाच नसतो.

ताराबाई शिंदे यांचंच बघा. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यातच छापली गेली. त्याआधी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, पुढे अपिलात ती कमी झाली. आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती. मुखपृष्ठावरच ताराबाई सवाल टाकतात की, स्त्रिया आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण? आजचा वाचक इथे हमखास चुकतो. त्याला वाटतं, शूर कोण हे विचारलंय. पण धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायाला येणाऱ्या वादांच्या प्रकारांत, तो येतो. आणि स्त्रियांचे उपजत दोष सांगणारा जो संस्कृत श्लोक पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला, ‘अनृतं साहसं माया’, त्यातही हा शब्द दोष म्हणूनच येतो. म्हणजे ज्या शब्दाने बायकांना आरोपी केलं, तोच शब्द ताराबाई उचलतात आणि पुरुषांना त्याच कठड्यात उभं करून उलटतपासणी घेतात. पानामागून पान ‘तुम्ही’ला उद्देशून प्रश्न. याला ‘संताप’ म्हणून मोकळं होणं हा वाचकाचा आळस आहे. ही पक्की मांडणी आहे.

प्रस्तावनाही हाच धागा धरून वाचा. तिथे त्या स्वतःला घरात कोंडलेली, अल्पमतीची अबला म्हणवतात. आधी नमतं घ्यायचं, वाचकाला सैल करायचं आणि मग जाब विचारायचा. पुढे १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. नंतर मात्र हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा नव्याने वाचलं जाऊ लागलं.

मूळ प्रश्नकर्ती

‘साहसी’चा हा अर्थ माझ्या डोक्यातही नव्हता, मनापासून आभार. मग ‘वक्तृत्व’ सोडून काय घेऊ? ‘पटवण्याची कला’ लिहिलं तर वर्गात हशा पिकेल.

प्रतिसाद

पिकेलच. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘पटवणं’ भलतीकडेच गेलंय. ‘पटवून देणं’ अजून शाबूत आहे. तरीही मला एक शंका आहे. मन वळवायच्या युक्त्या पुरुषाला एक आणि बाईला दुसऱ्या, असं असतं का? नसेल तर वेगळ्या स्त्रीवादी पद्धतीची गरज काय?

प्रतिसाद

शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या बायकांनी ती स्वतःच स्वतःला विचारली आहे. अमेरिकेत कार्लिन कोर्स कॅम्पबेल यांनी १९८९ मध्ये तिथल्या स्त्रीहक्क चळवळीतल्या भाषणांचा दोन खंडांत अभ्यास मांडला. त्यांना एक ‘बायकी शैली’ दिसली: स्वतःचा अनुभव पुढे ठेवायचा, एकेक उदाहरण देत निष्कर्षाकडे यायचं, समोरच्याला बरोबरीचा मानून त्यालाच निवाडा करू द्यायचा. ही शैली बायकांच्या रक्तात असते असं त्या म्हणत नाहीत. घरकामातलं, हातकामातलं कसब एकीकडून दुसरीला जसं शिकवलं जातं, त्यातून ती घडली, आणि पुरुषही ती वापरू शकतो. पुढे १९९२ मध्ये बार्बरा बीसेकर यांनी यावर मोलाचा आक्षेप घेतला: मोजक्या थोर स्त्रिया वेचून इतिहासात बसवल्या की बाकीच्या असंख्य जणी पुन्हा बाहेरच राहतात.

मला हा आक्षेप आपल्याकडे फार लागू वाटतो. आपण तीच चार नावं घेतो. याच पुणे जिल्ह्यात मुळशीच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून तो संग्रह लाखावर गेला. त्यात सासरला, भावाला, देवाला बोल लावणाऱ्या ओव्या आहेत. त्या वक्तृत्वात बसतात का? नाही बसत. मन वळवण्यात बसतात.

म्हणून माझं मत असं की एका नामाच्या मागे लागू नका, क्रियापदं धरा. मराठीत ती भरपूर आहेत आणि प्रत्येकात बोलणारी आणि ऐकणारा यांचं नातं दडलेलं आहे: गळ घालणं, समजूत घालणं, आर्जव करणं, खडसावणं, जाब विचारणं, गळी उतरवणं, दाद मागणं. समजूत घालणारी थोडी वरच्या जागी असते, आर्जव करणारी खाली. दाद मागायला समोर सत्ता लागते. प्रत्येक मजकुराला विचारा, ही बाई इथे नेमकं काय करते आहे?

मुक्ता साळवे घ्या. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच. मग आम्हांला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित ठरलो, असा ती तर्क लावते आणि आमचा धर्म कोणता ते सांग म्हणून थेट देवाला विचारते. विरोधकाचं विधान जसंच्या तसं मान्य करून त्यालाच अडचणीत आणणं, ही कसलेल्या वकिलाची चाल आहे. त्याच निबंधात ती बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसल्याचं सांगते. तर्क आणि अनुभव एकाच हातात. इथे क्रियापद एक नाही, दोन आहेत: कोंडीत पकडणं आणि दाद मागणं.

पंडिता रमाबाईंकडे तर ऐकणारा बदलला की क्रियापद बदलतं. १८८२ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’त त्या बायकांना उपदेश करतात, सूर बराच जुन्या वळणाचा आहे. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी ठाम मागणी करतात. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकात अमेरिकी वाचकांपुढे उच्चवर्णीय विधवांचं दुःख मांडून मदतीची हाक देतात. पाच वर्षांत तीन आवाज. ‘रमाबाईंची शैली’ असं एकच प्रकरण लिहिलंत तर हे सगळं हातचं जाईल.

मूळ प्रश्नकर्ती

मग शीर्षक ‘मन वळवण्याच्या रीती: पुण्यातील स्त्रियांचे लेखन, १८५५ ते १८८७’ असं ठेवलं तर?

प्रतिसाद

‘रीती’ छान. पण ‘पुण्यातील स्त्रिया’ म्हणू नका. ताराबाई बुलढाण्याच्या, रमाबाई पुण्यात आल्या आणि पुढे गेल्या. ‘पुण्याशी निगडित’ म्हणा. ‘ऱ्हेटरिक’ हा शब्द प्रस्तावनेत एकदा देवनागरीत देऊन, आपण त्यासाठी काय वापरतोय हे सांगा आणि पुढे तोच पाळा. ‘साहसी’ला तळटीप पहिल्याच उल्लेखापाशी हवी, परिशिष्टात नको.