लेव्हलचे दळण: तुम्ही कुठे थांबलात?

अर्धविराम (धागाकर्ता)
जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी त्यातल्या फायली चाळत होतो, तेव्हा एक स्क्रीनशॉट सापडला. यूच्या झाडापाशी कुऱ्हाड घेऊन उभा असलेला खेळातला माझा गडी आणि त्याच्या डोक्यावर फटाके, कारण लाकूडतोडीत त्याने नुकतीच ९२वी लेव्हल गाठली होती. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात कमाल लेव्हल ९९ असते, तेव्हा आता सातच उरल्या, अशा आनंदात मी होतो. त्याच रात्री सहज लेव्हलींचा तक्ता उघडला आणि कळले की ९२व्या लेव्हलला ६५,१७,२५३ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, तर ९९व्या लेव्हलला १,३०,३४,४३१. म्हणजे इतके महिने खपून मी जेमतेम निम्म्या वाटेवर पोचलो होतो. यूच्या एका ओंडक्याचे १७५ एक्सपी मिळतात आणि पिशवीत २८ ओंडके मावतात. भागाकार केला, तेव्हा ३७ हजारांवर ओंडके आणि ते ठेवायला खेळातल्या बँकेच्या सुमारे १,३३० खेपा निघाल्या. तोवर मला त्या कामाचा कंटाळा नव्हता, उलट दिवसभराच्या कटकटीनंतर ती ठकठक बरी वाटायची. पण खेपा मोजून झाल्यावर पुढच्याच खेपेला हात जड झाला आणि दोन दिवसांत मी खेळणे सोडले. लेव्हल चढवण्यासाठी तेच ते काम करत राहण्याचे हे दळण नकोसे झाले, तो क्षण तुमच्या बाबतीत कोणता होता, हे वाचायला आवडेल.

चकवा
बाळ झोपले आहे तोवर एक शंका विचारून घेतो. ९९चे निम्मे ९२ कसे काय?

बोरू
प्रत्येक लेव्हल आधीच्या लेव्हलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी महाग होत जाते, त्यामुळे दर सात लेव्हलींनी एकूण आकडा दुप्पट होतो. हे सरळसरळ चक्रवाढ व्याज आहे, फक्त ते आपण भरतो.
जाता जाता सांगतो की लेव्हल आणि एक्सपी ही कल्पना संगणकाची नव्हेच. १९७४च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ती कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालत असे. तिथे खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो आणि मंडळी जांभया देऊ लागली की तो गोष्ट पुढे ढकलतो. आपल्या जांभया सर्व्हरला दिसत नाहीत, हा माझ्या मते दोहोंतला सर्वांत मोठा फरक आहे.

निशाचर
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आपले पात्र सरायीत ठेवून बाहेर पडले की त्याला विश्रांतीचा बोनस साठतो: दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत, आणि तो संपेस्तोवर प्रत्येक शिकारीला दुप्पट एक्सपी मिळतात. खेळ बाजूला ठेवणाऱ्याला बक्षीस मिळते, म्हणून मला ही योजना फार सहृदय वाटत असे. एके दिवशी घाईघाईत मी पात्राला जंगलातच उभे करून लॅपटॉप मिटला. सरायीबाहेर हाच बोनस चौपट सावकाश साठतो, हे अंथरुणात आठवले आणि पहाटे तीन वाजता उठून मी त्याला घोड्यावरून सरायीत पोचवून आलो. त्याची विश्रांती पूर्ण व्हावी म्हणून माझी झोप मोडली होती. पुढच्या आठवड्यात मी खेळ सोडला.

चकवा
निशाचरदादा, मी सध्या रोज पहाटे तीनला उठतो आणि मला कुणी बोनस देत नाही.

मीच_ती
माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी फायनल फँटसी इलेव्हन खेळत असे, जिथे सुरुवातीच्या काही लेव्हली ओलांडल्या की एकट्याने फारसे काही साधत नसे; सहा जणांची तुकडी जमेपर्यंत तासन्‌तास वाट पाहावी लागे आणि मेल्यावर एक्सपी जाऊन प्रसंगी लेव्हलही उतरत असे. कागदावर हे अत्यंत जाचक वाटते. पण एकच खेकडा चाळीसदा मारताना दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळात आम्ही इतके बोललो आहोत की एकीच्या घटस्फोटाची आणि दुसऱ्याच्या पीएचडीची सगळी हकिगत मला त्या खेकड्यांच्या किनाऱ्यावर कळली. पुढे दुसऱ्या एका खेळात गेले, तिथे सगळ्या लेव्हली एकटीनेच आणि चौपट वेगाने चढता येत होत्या, आणि तिथे मी तिसऱ्या दिवशी कंटाळले. म्हणून या दळणाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. जात्यावर दुसरे कुणी बसलेले नसले की मग ते जड लागते.

पायरीदगड
मीच_ती ताईंशी सहमत आहे, तरी माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. वॉरक्राफ्टमध्ये २००४ साली कमाल लेव्हल ६० होती, २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, आणि असे करत २०१८ मध्ये १२० झाली. प्रत्येक वेळी शिखरावर बूड टेकले की शिखर वर सरकत असे. २०२० मध्ये आकडे आटोक्यात आणण्यासाठी १२०च्या पात्रांना ५०वर आणले गेले आणि नवी कमाल मर्यादा ठरली ६०. सोळा वर्षांनी मी पुन्हा ६० गाठण्यासाठी निघालो होतो! हे लक्षात आल्यावर मी मोठ्याने हसलो, चहाचा कप खाली ठेवला आणि त्या दिवसापासून निव्वळ मासे पकडण्यापुरता खेळात जातो.

बोरू
मासेमारीचीही लेव्हल असते, पायरीदगडराव.

पायरीदगड
ती मी बघत नाही.

उंबरठा
गिल्ड वॉर्समध्ये २००५ पासून कमाल लेव्हल २०च होती आणि ती फार लवकर गाठता येत असे. दळण नको म्हणून मी मुद्दाम तिकडे गेलो आणि विसावी लेव्हल झाल्यावर ‘आता काय गाठायचे’ म्हणून महिनाभर अस्वस्थ होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

निशाचर
अर्धविराम, त्या लाकूडतोड्याचे पुढे काय झाले?

अर्धविराम (धागाकर्ता)
आपणा सर्वांचे वाचून काल रात्री पासवर्ड शोधून काढला. तो त्याच झाडापाशी उभा होता आणि पिशवीत १९ ओंडके होते.

मीच_ती
उरलेले नऊ तोडलेत ना?

अर्धविराम (धागाकर्ता)
तोडले. तक्ता उघडला नाही.