वेगमर्यादेचा आकडा येतो कुठून? गावाकडच्या रस्त्यांचे जाणकार, लिहा

जिल्हा मार्गावर लाल कडेच्या गोलात '४०' दिसतो. मागचा हॉर्न वाजवत असतो आणि पुढचा ७० ने केव्हाच निघून गेलेला असतो. हा ४० कुणी ठरवला आणि कशावरून? रस्ते बांधणारे, फलक रोवणारे, रोज गाडी हाकणारे, सगळ्यांनी लिहा. 'मी कसा वाचलो' छापाचे किस्से मात्र नकोत, मोजमापं द्या.

सुरुवातीला माझ्याकडून एवढंच: केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर मोटारीला कमाल ७०, बस, ट्रक आणि दुचाकीला ६०, तीनचाकीला ५०. ही वरची हद्द झाली. जागेवरचा फलक त्याहून कमी सांगत असेल तर फलकाचं ऐकायचं.

डांबरी (रस्ते बांधकाम)

आकडा इंजिनावरून ठरत नाही, पुढचं किती दिसतं त्यावरून ठरतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, नंतरचं अंतर टायरच्या पकडीवर. ताशी ४० ला २८ मीटर विचारात आणि १७ ब्रेकमध्ये, मिळून ४५. ताशी ६० ला ८०. ताशी ८० ला सव्वाशेच्या पुढे. वेग दुप्पट केला की ब्रेकखालचं अंतर चौपट होतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी गोष्ट वळण. गावचा रस्ता सपाट मुलखात साधारण ५० च्या हिशेबाने आखतात. त्यासाठी वळणाची त्रिज्या ९० मीटर, बाहेरची कड ७ टक्के उचललेली आणि बाजूला घसरू न देणारी पकड (घर्षणाचा गुणांक) ०.१५ धरलेली. त्याच वळणावर कुणी ७० ने शिरला तर ०.३६ पकड लागते, म्हणजे दुपटीहून जास्त. कोरड्या डांबरावर निभावतं. पहिल्या पावसाचा चिखल किंवा ट्रॉलीतून सांडलेला मुरूम असला की नाही निभावत.

खरी गोची डांबरीकरणानंतर होते. रस्ता गुळगुळीत होतो, वळण तेच राहतं. खड्डे असताना लोक आपोआप ३० ने जायचे, आता ८० ने जातात आणि फलक लावायचं काम पुढच्या अंदाजपत्रकात गेलेलं असतं.

लालडबा (एसटी चालक)

डांबराची रुंदी पावणेचार मीटर, एसटी अडीच मीटरच्या वर. समोरून दुसरी एसटी आली की दोघांनाही एकेक चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागतं, दुसरा पर्याय नाही. प्रत्येक थराला डांबर वर येतं, साइडपट्टी तिथंच. काळ्या मातीत तर वीतभर कड पडते. अशा रस्त्याला ४० लिहिलंय ते कंटाळा म्हणून नाही, चाक उतरवता यावं म्हणून.

चाक अचानक खाली गेलं तर नवखा माणूस स्टीअरिंगला हिसका देऊन वर यायला बघतो. टायर आधी कडेला घासतो, मग एकदम चढतो आणि गाडी थेट समोरच्याच्या अंगावर जाते. करायचं असं: स्टीअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबून चाकं आवळू नका, गाडी २०-२५ वर येऊ द्या, कड बसकी दिसेल तिथं हळूच वर घ्या.

आणि शाळेचा फलक असेल तिथं थांबलेल्या एसटीला ओलांडू नका. पोरं गाडीआडून एकदम रस्त्यावर पळत येतात.

पत्रा आणि खांब (फलक बसवणे)

फलक लावणं म्हणजे खांब ठोकणं नव्हे. ४५ × ४५ सेंटिमीटरचा, ६० खोल खड्डा, त्यात काँक्रीट. नुसते दगड-माती भरले की वाऱ्याने फलक फिरतो आणि तोंड शेताकडे करतो. खालची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा दीड मीटर उंच हवी, नाहीतर गवतात जातो.

धोक्याची सूचना धोक्यावर लावून उपयोग नाही. पूर्वापार तक्ता असा: सपाट भागात राज्य महामार्गावर १२० मीटर आधी, प्रमुख जिल्हा मार्गावर ९०, इतर जिल्हा मार्गावर ६०, ग्रामीण मार्गावर ४०. घाटात तेच ६०, ५०, ४०, ३०. बऱ्याच ठिकाणी त्रिकोण वळणाच्या तोंडावरच असतो, कारण तिथं खोदायला जागा बरी असते.

तोंड रस्त्याला अगदी काटकोनात ठेवू नका, किंचित बाहेर वळवा. नाहीतर हेडलाइटचा झोत आरशासारखा परत येतो आणि अक्षर दिसतच नाही. तपासायचं रात्रीच, दिवसा सगळेच फलक चांगले दिसतात. ॲल्युमिनियमचे पत्रे भंगारात जातात म्हणून हल्ली प्लास्टिक गाभ्याचे संमिश्र पत्रे वापरतात. त्यांना भंगारात फारशी किंमत नाही.

फडकरी (ऊस वाहतूक)

वरच्या 'डांबरी' यांच्या ९० मीटरच्या वळणात आता आतल्या अंगाला ऊस उभा करा. ५० च्या वेगाला ६० मीटर दिसायचं तर मार्गाच्या मध्यापासून ५ मीटर मोकळं लागतं (अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट). डांबराच्या कडेपासून मोजलं तर तीन मीटर. ऊस दीड मीटरवर आला की दिसतं जेमतेम ५० मीटर.

एवढ्यावर भागत नाही. एकेरी रस्त्यावर समोरचाही त्याच पट्ट्यातून येतोय, म्हणून थांबायचं अंतर दोघांचं मिळून धरावं लागतं. ४० ला ४५ अधिक ४५, म्हणजे ९०. ५० मीटरमध्ये दोघं थांबायचे तर वेग २५ हवा. फलकावर ४० असला तरी ऊस उभा असताना त्या वळणाचा खरा आकडा २५.

तूर, कपाशीलाही हेच लागू. डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर धरतात, तुरीचं झाड त्याहून उंच जातं. बांधावरच्या दोन ओळी आखूड ठेवल्या तर दिसण्यात फरक पडतो, पण त्या दोन ओळी सोडायला सांगणार कोण!

गळीत हंगामात ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा. दोन ट्रॉल्या असल्या तर मागच्या ट्रॉलीला, पुढच्या नाही. चिखलाने ती तीन दिवसांत झाकते, फडक्याने पुसायची.

घाटमाथा (ट्रक)

कुंभार्ली, आंबा, फोंडा, कुठलाही घाट घ्या. केसपिनी वळण (गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं, हेअरपिन) ताशी २० च्या हिशेबाने बांधतात, आतली त्रिज्या १४ मीटर. तिथला '२०' म्हणजे भिडस्त सूचना नाही, रस्त्याची कुवतच तेवढी. लांब गाडीचं मागचं चाक आत कापतं म्हणून ती वळताना दोन्ही बाजू व्यापणारच, दुचाकीने त्या फटीत घुसू नये.

चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरते.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांचे ब्रेक तापतात, मग पायाखाली पेडल आहे पण पकड नाही.

गावठाण (ग्रामपंचायत)

गतिरोधकाबद्दल कुणीच लिहिलं नाही. लोकवर्गणीतून घातलेला उंच, अरुंद बांध चालतो का?

डांबरी

नाही. गोलाई असलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येची कमान. तो ताशी २५ ने ओलांडता येतो. तुमचा हातभर रुंद आणि वीतभर उंच बांध गाडी हळू करत नाही, उडवतो. मागे बसलेली बाई साडीसकट घसरते, मोटारीचं पोट घासतं, आणि रात्री तर तो दिसतच नाही.

४० मीटर आधी फलक आणि वर पांढरे पट्टे. कडेला पाणी जायला फट ठेवावी लागते, पण ती हातभर ठेवलीत तर सगळ्या दुचाक्या तिथूनच जातील. रंबलर (रस्त्यावरच्या आडव्या, खडखडणाऱ्या पट्ट्या) घालायचे तर घरांपासून लांब घाला, रात्रभर खडखडाट होतो आणि आठ दिवसांत गावकरीच ते फोडतात.

लालडबा

आणि फलकाला निवडणुकीचे पोस्टर चिकटवू नका. आमच्या मार्गावर '४०' च्या निम्म्या फलकांवर नुसता '०' उरलाय.