वर्गातल्या लेखन-वाचन प्रकल्पाला ग्रँट: आधी पैसा की आधी प्रकल्प?

शाईपेन:

शाळा सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. मुलांकडून लिहून घ्यायचा उपक्रम करायचाय, वाचन कोपरा करायचाय, ग्रँट कुठून मिळेल, कुणाकडे यादी आहे का. यादी मिळते, मग त्यातल्या कुठल्यातरी संस्थेचे निकष बघून प्रकल्प वाकवायला सुरुवात होते. त्यांना डिजिटल हवंय? मग आपल्या हस्तलिखिताचं ई-मासिक होतं. त्यांना पर्यावरण हवंय तर मुलांनी झाडांवर निबंध लिहायचे. शेवटी पैसा येतो, सामान येतं, आणि मूळ जे करायचं होतं ते बाजूलाच राहतं.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रकल्प आधी बिनपैशाचा सुरू करा, लहान, एका वर्गापुरता, एक सत्रभर चालवा. मग पैसे मागा आणि मागताना वस्तू मागू नका, वेळ मागा.

लेखन शिकवायला लागतं काय? कागद आणि पेन्सिल. खरा खर्च आहे तो मुलांनी लिहिलेलं कुणीतरी नीट वाचण्याचा. चाळीस मुलं, प्रत्येकाचं एक पान, वाचून दोन ओळी उत्तर द्यायला दहा मिनिटं धरली तरी पावणेसात तास जवळजवळ, आणि हे एका लेखाचं झालं. हा वेळ कुठल्याच शाळेच्या वेळापत्रकात नसतो. म्हणून मुलं वर्षभरात चार निबंध लिहितात आणि त्यावर लाल शाईत फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं असतं.

वस्तू देऊन काय होतं त्याचे अभ्यास झालेत की. पेरूमधे मुलांना लॅपटॉप वाटले, २०१२ मधे आलेल्या मूल्यमापनात भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक दिसला नाही. केनियात शाळांना पाठ्यपुस्तकं दिली तर सरासरी गुण वाढले नाहीत, वर्गातल्या आधीच पुढे असलेल्या मुलांचाच फायदा झाला. याउलट फिलिपिन्समधे पुस्तकांबरोबर शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि ३१ दिवस रोज वर्गात वाचनाचा कार्यक्रम घेतला तेव्हा वाचन सुधारलं, आणि तीन महिन्यांनीही त्यातलं काही टिकलेलं होतं. पुस्तकं तिथेही होती, पण पुस्तकांसाठी दिवसातला वेळ राखून ठेवला होता.

विरोधी मतं असणार माहितीये, मांडा.

तिसरा बाक:

असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात असहमत.

बिनपैशाचा सुरू करा हे ज्याच्या वर्गात आधीच पुस्तकं आहेत त्यानेच म्हणावं. ज्या वर्गात पाठ्यपुस्तकाशिवाय छापलेला दुसरा कागद नाही तिथे मूल लिहिणार कशाच्या जोरावर? वाचल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि वाचायला आधी पुस्तक हातात लागतं.

केनियाचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती पाठ्यपुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. म्हणजे ज्यांना ती वाचताच येत नव्हती त्यांना उपयोग झाला नाही, यात आश्चर्य काय? त्यातून चुकीची पुस्तकं देऊ नका एवढंच निघतं, पुस्तकं मागू नका असं कसं निघेल.

आणि वस्तू मागणं यात कमीपणा कसला. अमेरिकेत डोनर्सचूझ नावाची संस्था २००० साली ब्रॉन्क्समधल्या चार्ल्स बेस्ट या शिक्षकानेच सुरू केली. शिक्षक काय हवं त्याची यादी टाकतो, लोक थोडेथोडे पैसे देतात, रक्कम जमली की संस्था स्वतः वस्तू विकत घेऊन शाळेत पाठवते. रोख पैसा शिक्षकाच्या हातात येतच नाही. देणाऱ्याला दिसतं आपल्या पैशाचं काय झालं आणि शिक्षकामागे हिशोबाचं झेंगट लागत नाही. ही पद्धत चालली कारण वस्तूची पावती असते. तुमच्या त्या पावणेसात तासांची पावती कोण देणार सांगा.

हिशेबनीस:

मी एका छोट्या ट्रस्टकडे येणारे अर्ज वाचायला बसतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून थोडं.

शाईपेन यांचा लहान सुरू करा हा सल्ला बरोबर आहे पण कारण वेगळं. त्यागबिग आम्ही मोजत नाही. आम्हाला हवा असतो पुरावा की ही व्यक्ती हे करू शकते, आणि मुलं आत्ता नेमकी कुठे आहेत. बहुतेक अर्जांत गरज तीन पानं आणि योजना अर्धं पान असते. आमच्या मुलांना वाचता येत नाही, परिस्थिती बिकट आहे, हे सगळं खरंच असतं, पण हेच वाक्य त्या ढिगातल्या प्रत्येक अर्जात असतं. पुढे येतं "मुलांमधे वाचनाची गोडी निर्माण होईल". गोडी निर्माण झाली हे कुणाला, कधी आणि कसं कळणार ते लिहिलेलं नसतं.

हे मोजायला एक पैसा लागत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच विषय द्या, वीस मिनिटं लिहू द्या, कागद जपून ठेवा. सत्र संपताना तशाच स्वरूपाचा विषय, तेवढाच वेळ. मग नावं आणि तारखा झाकून दोन्ही गठ्ठे मिसळा आणि वर्गाशी संबंध नसलेल्या दोन शिक्षकांना गुण द्यायला सांगा. कशाला किती गुण ते आधीच ठरवून ठेवा: मुद्दा स्पष्ट आहे का, वाक्यं एकमेकांना धरून आहेत का, तपशील आहे का. शुद्धलेखन वेगळं मोजा, नाहीतर तेच सगळं गिळून टाकतं. असा एक तक्ता आणि दोन मुलांचे आधीचे-नंतरचे कागद अर्जाला जोडलेले असले तर तो अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो, हे मी खात्रीने सांगतो.

दुसरं म्हणजे बरेच अर्ज गुणवत्तेवर बाद होतच नाहीत, पात्रतेवर होतात. अनेक ठिकाणी एकट्या शिक्षकाला पैसे देता येत नाहीत, नोंदणीकृत संस्थाच लागते. मग शाळा किंवा एखादी नोंदणी असलेली संस्था पैसे स्वीकारायला तयार आहे का हे अर्ज भरायच्या आधी विचारून लेखी घ्या. हे न केल्यामुळे चांगली चांगली कामं वाया जातात आणि मला खरंच वाईट वाटतं.

वेळेच्या पैशाबद्दल: पगार द्यायला देणारे बिचकतात कारण ग्रँट संपल्यावर त्या माणसाचं काय. पण बदली शिक्षकाचं मानधन, प्रशिक्षणाचे दिवस, बाहेरच्या वाचकाचं मानधन असं कामाला आणि तारखांना बांधून मागितलं तर मिळतं. तिसरा बाक, पावती त्याचीही होते, सही असलेलं हजेरीपत्रक जोडायचं.

मधली सुट्टी:

तुम्ही सगळे अर्ज कसा करायचा यावर भांडताय. मुळात अर्ज का करायचा?

वाचायला-लिहायला शिकवणं हा शाळेचा जादा उपक्रम आहे का? शाळा त्याचसाठी आहे. वर्ल्ड बँक आणि इतर संस्थांच्या २०२२ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या साधारण ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. एवढं मोठं काम देणग्यांवर चालणार आहे का? शिक्षक रात्री बसून प्रपोजल लिहितो तो वेळ शाईपेन म्हणतात त्याच पावणेसात तासांतून जातो. आणि ज्या शाळेत अर्ज छान लिहिणारं कुणी आहे तिथेच ग्रँट येते, ज्यांना सर्वात जास्त गरज आहे त्यांच्याकडे लिहिणारा माणूसच नसतो. त्यामुळे दरी वाढते.

अमेरिकेतल्या पोलाद उद्योगपती कार्नेगीसारख्या माणसाने सुद्धा ग्रंथालयांना फुकट पैसे दिले नाहीत. १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशातून अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली, पण साधारण अट अशी की जागा गावाने द्यायची आणि दर वर्षी देणगीच्या दहा टक्के रक्कम चालवण्यासाठी सार्वजनिक पैशातून काढायची. इमारत त्याची, पण पुस्तकं, माणसं, रोजचा खर्च गावाचा. दात्यालाही कळत होतं की रोजचं काम देणगीवर चालत नाही. आज आपण उलट करतो, रोजचं कामच देणगीवर टाकतो आणि वरच्यांना मोकळं सोडतो.

शाईपेन:

मधली सुट्टी, तुमचा राग रास्त आहे पण कार्नेगीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. बाहेरच्या पैशाला अट लावून आतल्या पैशाला हलवता येतं. अर्जातच लिहायचं, पहिल्या वर्षी तुमचे शंभर टक्के, दुसऱ्या वर्षी निम्मे शाळेचे, आणि व्यवस्थापनाची सही जोडायची.

दुसरं उदाहरण लेखनातलंच. १९७४ साली अमेरिकेत बर्कलीला जेम्स ग्रे यांनी जे सुरू केलं आणि पुढे नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट म्हणून देशभर पसरलं, त्यात वस्तू नव्हत्याच. उन्हाळ्यात शिक्षकांना एकत्र आणायचं, त्यांनी स्वतः लिहायचं, आपापल्या वर्गात काय चाललं ते एकमेकांना दाखवायचं, मग त्यांनीच पुढच्या शिक्षकांना शिकवायचं. पैसा गेला तो शिक्षकांच्या वेळेवर. आणि स्वतः लिहिणारा शिक्षक मुलाच्या कागदाकडे वेगळ्या नजरेने बघतो हे मी माझ्या आजूबाजूला पाहिलंय, त्यासाठी मला अभ्यासाची गरज नाही.

मधली सुट्टी:

त्याच प्रोजेक्टचा पुढचा भाग पण सांगा ना मग. १९९१ पासून त्याला केंद्राचा थेट निधी मिळत होता आणि २०११ मधे तो बंद झाला. इतकं नावाजलेलं काम, इतकी वर्षं चाललेलं, तरी एका बजेटमधे गेलं. प्रकल्प टिकला पण त्यांना पुन्हा पैशाच्या मागे धावावं लागलंच. हीच गत एका वर्गातल्या बाईंची व्हावी असं तुम्हाला वाटतं का?

तिसरा बाक:

@मधली सुट्टी, व्यवस्था सुधारेपर्यंत आत्ता चौथीत असलेलं मूल दहावीत जाईल. त्याला पुस्तक या वर्षी हवंय. मागणीही करा आणि अर्जही करा, एकामुळे दुसरं थांबत नाही.

@हिशेबनीस, नावं झाकून गुण द्यायची युक्ती आवडली. पण एक तक्रार तुमच्या बाजूचीही आहे. लहान ग्रँटला मोठ्या ग्रँटएवढाच रिपोर्ट का? तिमाही अहवाल, फोटो, खर्चाचा तक्ता, मुलांचे आभाराचे व्हिडिओ. मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करून आभार मानायला लावणं तर मला अजिबात पटत नाही, वाचायला शिकवणं हा काही कुणाचा उपकार नाही.

हिशेबनीस:

हे शंभर टक्के मान्य. आमच्याकडे व्हिडिओ बंद केलेत, इतरांनीही करावेत. आणि अर्जदारांनी हे आधी विचारावं, रिपोर्ट किती, कशा स्वरूपात. विचारल्याने कुणी नाकारत नाही.

बोरू:

शोधायचं कुठे यावर कुणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते. बहुतेक जण सर्वात मोठ्या नावापासून सुरुवात करतात, तिथे स्पर्धा जास्त आणि तुमचा प्रकल्प बसतच नाही. उदाहरणार्थ रोटरीच्या कामाच्या क्षेत्रांत मूलभूत शिक्षण आणि साक्षरता आहे, पण त्यांच्या ग्लोबल ग्रँटला किमान ३०,००० डॉलरचं बजेट लागतं आणि दोन देशांतले क्लब लागतात. एका वर्गासाठी त्यांची डिस्ट्रिक्ट ग्रँट बघायची, ती क्लबमार्फत मिळते, म्हणजे आधी जवळच्या क्लबमधल्या माणसांशी बोलायचं. युनेस्कोची साक्षरता पारितोषिकं आहेत, १९८९ पासूनचं किंग सेजाँग त्यातलं, मातृभाषेतल्या साक्षरतेवर भर असलेलं, पण ते सुरू असलेल्या कामाला मिळतं आणि स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही, सरकार किंवा युनेस्कोशी अधिकृत भागीदारी असलेल्या संस्थेकडूनच जावं लागतं. नव्या प्रकल्पाने त्यात वेळ घालवू नये.

आणि पुस्तकांवरच सगळं बजेट घालवायच्या आधी खुल्या परवान्याची पुस्तकं बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अनेक भाषांत मुलांच्या गोष्टी आहेत, उतरवून घ्या, छापा, बदल करा, भाषांतर करा, सगळ्याला परवानगी. मुलांनीच आपल्या घरच्या बोलीत भाषांतर केलं तर तोच लेखन प्रकल्प होतो की. मग ग्रँटमधे फक्त छपाई मागायची, वस्तूवाले आणि वेळवाले दोघांचंही भागतं.

निळी वही:

सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. माझ्यासमोर एका ग्रँटची मुदत तीन आठवड्यांवर आहे, सहावीच्या वर्गाने परिसरातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन लिहायच्या असा प्रकल्प आहे. आधीचे नमुने काहीच नाहीत. भरू की सोडू?

शाईपेन:

सोडा. हे सत्र चालवून बघा, पुढच्या फेरीला भरा. घाईत भरलेला अर्ज मंजूर झाला तर त्या घाईतल्या अटी वर्षभर पाळाव्या लागतात.

तिसरा बाक:

भरा हो. नाही मिळाली तर निदान पुढच्या वेळचा मसुदा तयार असेल.

हिशेबनीस:

भरा, पण सोमवारी पहिलं काम म्हणून वर्गाकडून वीस मिनिटांचा लेख लिहून घ्या. तीन आठवडे आहेत म्हणजे आधीचे नमुने आत्ताच तयार होतात, नंतरचे प्रकल्प संपल्यावर. एका मुलाखतीचा खरा प्रयत्नही घ्या, एका मुलाचा चालेल, प्रश्नांचा कागद, पहिला मसुदा आणि सुधारलेला मसुदा तिन्ही जोडा. मुलाचं नाव काढून, पालकांची परवानगी घेऊन. बजेटमधे मोठी रक्कम दुसरा मसुदा वाचायला येणाऱ्या माणसाच्या मानधनाची ठेवा, छपाई शेवटी. आणि अर्जावर संपर्क दिलेला असतो तिथे या आठवड्यातच एक फोन करा, मानधन चालतं का एवढंच विचारा. नाही म्हणाले तर शाईपेन यांचं ऐका आणि ही फेरी सोडा.

मधली सुट्टी:

आणि त्याच बजेटची एक प्रत शाळेच्या व्यवस्थापनाला द्या, पुढच्या वर्षीच्या खर्चात धरा म्हणून, पोच घेऊन. ग्रँट मिळो न मिळो.