मदत हवी आहे: बफर हेडवरून आयओमॅपवर नेल्यावर फाईलमधे डिलीट केलेल्या फाईलचा मजकूर दिसतोय

मंडळी, आमच्याकडे लिनक्सची एक जुनी फाईलसिस्टिम आहे, मेनलाईनमधे (म्हणजे अधिकृत कर्नलमधे) नाही, ती कर्नल 5.10 वरून 6.12 वर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. राईट_बिगिनमधे (फाईलमधे लिहिण्याआधी कर्नल जे फंक्शन बोलावतो ते) पेजच्या जागी फोलिओ (एक किंवा जास्त पेजचा गठ्ठा) आल्यामुळे तसंही सगळं उपसावं लागणार होतं, म्हटलं एवढं करतोयच तर बफर हेड (मेमरीतल्या एकेका डिस्क ब्लॉकची नोंद ठेवायची जुनी पद्धत) काढून आयओमॅपच (फाईलचा कुठला भाग डिस्कवर कुठे आहे ते सलग पट्ट्यांत सांगायची नवी पद्धत) लावू (हौस म्हणा).

कंपाईल झालं, माउंट झालं, फाईलच्या शेवटी लिहिलं तर एकदम ओके. पण ट्रंकेटने 1 एमबीची रिकामी फाईल केली आणि 65536 ऑफसेटला फक्त 10 बाईट लिहिले तर हेक्सडंपमधे 65546 पासून पुढे शून्यांऐवजी काल उडवलेल्या लॉगच्या ओळी, त्या पण 4096 चा ब्लॉक संपेपर्यंत! बिटमॅप (कुठले ब्लॉक वापरात आहेत त्याची नोंद) तपासला, तो बरोबर आहे, दोन दिवस प्रिंटके (कर्नलमधून मेसेज छापणारं फंक्शन) टाकून बसलोय. होलमधे (फाईलच्या ज्या भागाला अजून डिस्कवर ब्लॉकच दिलेला नाही तिथे) लिहिलं की घाण आणि शेवटी लिहिलं की साफ, असं का?

प्रतिसाद: आयओमॅप_बिगिनमधे (ब्लॉक कुठे आहे ते आयओमॅपला सांगणारं तुमचं फंक्शन) नवीन ब्लॉक अलोकेट केल्यावर आयओमॅप_एफ_न्यू फ्लॅग लावताय का? नसेल तर आयओमॅपला वाटतं ब्लॉक आधीपासूनच मॅप्ड आहे, मग उरलेला भाग भरायला तो डिस्कवरून वाचतो आणि तिथे जुनाच कचरा असतो. आयसाईजच्या (फाईलच्या नोंदलेल्या लांबीच्या) पुढचं तो स्वतःच शून्य करतो म्हणून शेवटी लिहिताना तुम्ही बचावलात. जुन्या गेट_ब्लॉकमधे (बफर हेडच्या वेळचं तेच काम करणारं फंक्शन) 'हा ब्लॉक नवा आहे' सांगणारं सेट_बफर_न्यू असणार, बघा. आणि हो, फ्लॅग सरसकट लावू नका हं, आधीच्या ब्लॉकमधला चांगला डेटा शून्य होऊन बसेल.

धागाकर्ता: सापडलं!! ती ओळ होती, अलोकेशनच्या अगदी खाली, बफर हेड जातायत तर हिचं काय काम म्हणून मीच उडवली होती 🤦 फ्लॅग लावला, आता 65546 पासून शून्यच शून्य. एक्सएफएसटेस्ट्स (फाईलसिस्टिम तपासायच्या चाचण्यांचा संच) लावून ठेवलंय, रात्रभर चालू दे.

प्रतिसाद: अजून एक, पेज कॅशमधली (फाईलच्या मेमरीतल्या प्रतीतली) शून्यं डिस्कवर पोचायच्या आत लाईट गेली तर? ब्लॉक इनोडला (फाईलच्या नोंदीला) जोडलेला आणि आत जुना मजकूर, असं होऊ शकतं. एक्सएफएस ही फाईलसिस्टिम त्यासाठी अनरिटन एक्स्टेंट ठेवतं, म्हणजे ब्लॉक दिलाय पण डेटा लिहून होईपर्यंत तो शून्यच वाचायचा अशी खूण. तुमच्या फॉरमॅटमधे तशी सोय आहे का?

धागाकर्ता: नाही ना 😐 त्यासाठी वेगळा धागा काढतो.